बाप्तिस्म्याच्या जेवणात काय ऐकू आलं

बेलमॉन्ट, ४ सप्टेंबर २०११

ती. युडोराताईस,
कृ. सा. न. वि. वि.

फोनवर तू प्रत्येक गोष्टीला नुसतं हो हो म्हणतेस, म्हणून लिहायला बसलो. इकडे सगळे बरे आहेत. पॅनयार्डात रोज संध्याकाळी पिंपांच्या वाद्यांचा सराव असतो, त्यामुळे शेजारी माझ्यावर नेहमीसारखेच चिडलेले आहेत.

मुद्द्याचं लिहितो. नातीच्या बाप्तिस्म्याच्या जेवणातून तू अर्ध्यावर उठून गेलीस आणि तेव्हापासून माझ्या केस्टरच्या घरी फिरकली नाहीस. त्याची आई गेल्यावर त्याला तूच वाढवलंस. आता त्याची मुलगी बसायला लागली, तरी तू तिला मांडीवर घेतलेलं नाहीस. केस्टर मला विचारतो, आत्याचं काय बिनसलं? सूनबाईला, रॉक्सॅनला, वाटतंय तिचं खेकड्यांचं कलालू बिघडलं होतं. बिचारी तेव्हापासून खेकडे बदलून बदलून करतेय. काय झालं ते मला तरी सांग.

माया असू दे.
तुझा अ‍ॅन्सली


अरिमा, ९ सप्टेंबर २०११

चि. अ‍ॅन्सली यास,
अनेक आशीर्वाद.

फोन खराब आहे, माझे कान नव्हेत. कलालू उत्तम होतं, तसं तिला सांग.

विचारलंसच म्हणून लिहिते. मी ताटांच्या टेबलापाशी उभी होते. तुझी सून माझ्याकडे बोट दाखवून केस्टरला म्हणाली, आत्यांना आता सुट्टी द्या. भर पाहुण्यांत! तो मान डोलावून आत गेला. ज्या पोराला मी गोवरात मांडीवर घेऊन बसले, त्याने मान डोलावली. सुट्टी दिली, मी घेतली. त्यांच्या संसारात मला लुडबुड करायची नाही.

गुडघ्याला तेल लावत जा.
तुझी ताई


बेलमॉन्ट, १३ सप्टेंबर २०११

ती. ताईस,
सा. न.

पत्र वाचून मी आधी हसलो, मग हसू आवरलं. ताई, मी तुझ्या मागेच उभा होतो. रॉक्सॅन म्हणाली, आत्यांना आता खुर्ची द्या. केस्टर आत गेला तो खुर्ची आणायला. घेऊन आला तेव्हा तू फाटकाबाहेर पडली होतीस.

तू म्हणशील, जन्मभर पिंपं बडवणाऱ्या माणसाच्या कानांवर कुणी विश्वास ठेवायचा! हरकत नाही. पुढच्या मंगळवारी आपण दोघंही कान तपासून घेऊ. ज्याचे कान खरे, त्याची गोष्ट खरी. वेळ ठरवली आहे, तेव्हा नाही म्हणू नकोस.

आहे तो लोभ कमी करू नये.
अ‍ॅन्सली


अरिमा, २५ सप्टेंबर २०११

चि. अ‍ॅन्सली यास,
अनेक आशीर्वाद.

तपासणीनंतर तुझ्याशी न बोलता मॅक्सी-टॅक्सीत बसले, त्याचा राग धरू नकोस. तू बाहेर शेंगदाणे खात होतास तेव्हा कान तपासणाऱ्या मिस रामसरननी आपले दोघांचे आलेख माझ्यापुढे ठेवले. बारीक शिट्ट्या ऐकण्यात तू माझ्याहून वाईट निघालास. मला फार आनंद झाला. मग त्यांनी दुसरा कागद काढला. गर्दीच्या गोंगाटात कुणी वाक्यं बोलतं, ती ओळखायची. तू बहुतेक सगळी बरोबर सांगितलीस. मला मात्र वाक्यांचा नुसता सूर कळला होता.

मी म्हटलं, हे कसं शक्य आहे? त्या म्हणाल्या, तुमच्या कानात उकार-ईकार नीट पोचतात, व्यंजनं गळतात, आणि रिकाम्या जागी मन आपल्याजवळचं काहीतरी भरतं. शंभर जणांच्या वाद्यवृंदातून आपली ओळ वेगळी काढायची सवय असलेल्या माणसाचं मन आवाज चांगला निवडतं, असं काही अभ्यासांत दिसलंय. पण हे पॅन वाजवल्यामुळेच, असं छातीठोकपणे सांगायला त्या तयार नाहीत. काही जण जन्मतःच तसे असतात, म्हणाल्या. तेव्हा फार फुगू नकोस.

घरी येऊन खुर्ची आणि सुट्टी हे दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून पाहिले. रॉक्सॅनबद्दल माझ्या मनात काय होतं, म्हणून मी दुसराच भरला, याचा विचार करत बसले.

काल न कळवता केस्टरकडे गेले. दार रॉक्सॅननेच उघडलं. ती काहीतरी म्हणाली, पण शेजारचा रेडिओ चालू होता. एरवी मी हसून मान हलवली असती. काल म्हटलं, बाई गं, मला कळलं नाही, परत सांग. तिने परत सांगितलं, तेही कळलं नाही. पुन्हा विचारलं. मग ती माझ्यासमोर आली, दोन्ही खांदे धरले आणि सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात ओरडली, आत्या, हळू बोला, बाळ आत्ताच झोपलंय!

बाळ उठलंच. रडणं मला पहिल्यांदाच नीट ऐकू आलं. कुणी समजावून सांगायच्या आत मी पोरीला उचललं होतं.

तुझी ताई