माझ्या पश्चात हेल्मेटांचे काय करावे

मी खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा केशकर्तन (आता निवृत्त), राहणार दुकानावरच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवत आहे. डोक्याला टाके पडले होते हे खरे, पण ते बाहेरून. गेल्या महिन्यात फळीवरचे एक हेल्मेट काढताना शेजारचे दुसरे माझ्या डोक्यात पडले. मी उभ्या आयुष्यात रणांगण पाहिलेले नाही. गिऱ्हाइकाच्या गालाला वस्तरा लागला तर घेरी मलाच यायची. लढाईतली जुनी हेल्मेटे जमवणाऱ्याला हेल्मेटानेच जखमी केले, याचा घरात सर्वांना भलताच आनंद झाला. म्हटले, आता लिहून टाकावे.

हा मजकूर वकीलबाईंनी तपासला असून निम्मा खोडायला सांगितला आहे. मी म्हटले, मृत्यू माझा, पत्रही माझे.

कलम १. राहते घर, खालचे दुकान आणि बँकेतली शिल्लक माझ्या पत्नीची. तिने फार सोसले. जुने हेल्मेट कधी धुवायचे नाही, हा आमच्या छंदातला पहिला नियम. गंज, चिखल, आतल्या पट्ट्यांत मुरलेला घाम, हेच त्याचे खरेपण. म्हणून नवे हेल्मेट घरी आले की मी आधी ते हुंगतो, आणि ती खोलीबाहेर जाते. बाल्कनीतल्या ज्या हेल्मेटात ती कपड्यांचे चिमटे ठेवते तेही तिलाच. ते मी खुशीने देत नसून हरून देत आहे.

कलम २. दुकानातली फिरती खुर्ची मुलीला. लहानपणी तिच्यावर गरगर फिरून ती ओकायची, तेव्हा तिचा हक्क पोचतो. जावईबापूंना सर्वांत मोठ्या मापाचे हेल्मेट द्यावे. त्यांच्या डोक्याचे माप मी पहिल्या भेटीतच नजरेने घेतले होते. आत जागा पुष्कळ आहे.

कलम ३. धाकट्या भावाने माझ्या साठाव्या वाढदिवसाला माझे सर्वांत जुने हेल्मेट गुपचूप नेले, काथ्याने घासले, चंदेरी रंग मारला आणि वर रिबीन बांधून मलाच भेट दिले. "दादा, बघ कसं नव्यासारखं झालंय!" त्या दिवशी मी केक खाल्ला नाही. ते हेल्मेट त्यालाच द्यावे. त्याने ते बैठकीच्या खोलीत ठेवावे आणि हे कोणी केले ते येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतः सांगावे.

कलम ४. बाकीची सगळी हेल्मेटे मुलीला. ती सुटी सुटी विकू नयेत, भंगारात घालू नयेत, त्यांत झाडे लावू नयेत. मुलगी म्हणाली, "बाबा, आमच्या घरात माणसांनाच जागा नाहीये." माणसे एकात एक ठेवता येत नाहीत, हेल्मेटे येतात, हे तिने लक्षात घ्यावे.

कलम ५. आता हिरवा पोलादी टोप. याचे दोन भाग असतात: बाहेरची पोलादी वाटी आणि आत बसणारी, कातडी पट्ट्यांची जाळी. वाटी माझ्याकडे आहे. जाळी वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टराकडे आहे.

हा गृहस्थ माझा मित्र होता. दर रविवारी आम्ही दोघे जुन्या बाजारात हेल्मेटे शोधत हिंडायचो. एकदा हा टोप दोघांनी एकदमच धरला. आधी मी पाहिला होता. ओढाताणीत जाळी निसटून त्याच्या हातात गेली, वाटी माझ्या हातात राहिली, आणि दुकानदाराने दोघांकडूनही पूर्ण टोपाचे पैसे घेतले. तेव्हापासून कोण आधी नमतो याची वाट बघत आम्ही एका जिन्यावरून न बोलता चढतो-उतरतो. मी दाढदुखीसाठी गावाच्या दुसऱ्या टोकाला जातो, तिथल्या माणसाने माझी भलतीच दाढ उपटली. आणि हा केस कुठे कापून घेतो देव जाणे. मागून बघितले की जीव तुटतो. रविवार मला अजूनही खायला उठतो, हेही लिहून ठेवतो.

तरीही ती वाटी मुलीने घ्यावी आणि काही झाले तरी त्याला देऊ नये.

मुलगी म्हणाली, "बाबा, मी दुसऱ्याच दिवशी त्यांना नेऊन देईन."

कलम ५ नंतर घडलेला प्रकार वकीलबाईंचा विरोध डावलून लिहीत आहे. माझ्या शुद्धीबद्दल उद्या कोणी शंका घेऊ नये म्हणून एक साक्षीदार डॉक्टर असावा, असे त्या म्हणाल्या. "अहो, वर आहेत की एक," असे म्हणून पत्नी मला न विचारता त्याला घेऊन आली. मीही अडवले नाही. म्हटले, कलम ५ स्वतःच्या डोळ्यांनी वाचू दे.

तो पहिल्याच परिच्छेदावर थांबला.

"टाके पडले? आणि मला कळवलं नाहीस?"

"आपण बोलत नाही."

"म्हणून मरायचं का न सांगता?"

तो वर गेला, जाळी घेऊन आला आणि माझ्यासमोर वाटीत दाबली. खट्ट आवाज झाला. दोघांनी आळीपाळीने हुंगून पाहिले. पत्नी खोलीबाहेर गेली. मी कलम ५ खोडले आणि पूर्ण टोप त्याच्या नावावर लिहायला घेतला.

"साक्षीदाराला यातलं काही घेता येत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "डॉक्टर, एक तर सही करा, नाहीतर टोप घ्या."

त्याने माझ्या हातातले पेन काढून घेतले. "मेल्यावर दिलेला मला नकोच. तू जिवंत असताना भांडून घेईन."

तेव्हा टोप सध्या टेबलावर आहे. कोणाचा ते ठरायचे आहे. जाळी त्याने परत नेलेली नाही.

यापूर्वी रागाच्या भरात वहीच्या पाठकोऱ्या पानांवर लिहिलेली माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

स्थळ: दुकानावरची पुढची खोली.
दिनांक: टाके काढले त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवार.

मृत्युपत्र करणार: (सही) निवृत्त केशकर्तनकार

साक्षीदार १: (सही) शेजारचे चष्मेवाले. मजकूर वाचला नाही, चष्मा दुकानात राहिला.

साक्षीदार २: (सही) वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. सदर गृहस्थ पूर्ण शुद्धीवर आहेत. हे मृत्युपत्र अमलात यायची मला काडीचीही घाई नाही. उद्या रविवार आहे, सकाळी तयार राहा.