कमानीच्या कोपऱ्यातला अंगठा

मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. देवळीच्या जिनिंगवाल्या काकांच्या मुलीचं लग्न. सजावटीचं काम मिळावं म्हणून गेल्या महिन्यात त्यांच्यासाठी मी कापसाच्या बोंडांची कमान नमुन्याला करून नेली होती. खरी बोंडं, तारेत ओवलेली. सुकलेल्या बोंडाचं टोक लागून अंगठा चिरला, तरी पुरी केली. काका म्हणाले, "कापसाची पराटी त आमच्या वावरातच उभी हाय. पाहुणे हसतीन ना."

आज घरी बोलावून सांगतात काय, तर सजावट नागपूरच्या कंपनीला दिली. वर मोबाइलवर त्यांचा नमुना दाखवतात. "हे पाय. याले म्हंतात डिझाइन."

माझीच कमान. माझ्याच पेजवरून उचललेला फोटो. कोपऱ्यात माझा हात, अंगठ्याला पट्टी. तेवढा कोपरा कापायचीही तसदी घेतली नाही मेल्यांनी.

मी अंगठा मोबाइलशेजारी धरला. वण अजून आहे. म्हटलं, काका, हीच तर मी आणली होती, तुम्हीच नको म्हणालात.

काकांनी फोटो पाहिला, अंगठा पाहिला. कळलं त्यांना, नक्की कळलं. मग शांतपणे म्हणाले, "मंग तू नागपूरले काऊन नाई राहत?"