सबवूफर आणि बाबांचा हात

शनिवार, संध्याकाळ

नवा सबवूफर, गाण्याचे खोल ठोके वाजवणारा तो जड स्पीकर, अजून सोफ्यावरच आहे. जागा सापडलीय, पण तिथे ठेववत नाही.

दुकानदाराने सांगितलं होतं, आपण बसतो तिथे आधी तो ठेवायचा, गाणं लावायचं आणि भिंतीच्या कडेने रांगत फिरायचं. जिथे ठोका न घुमता स्वच्छ ऐकू येईल, ती त्याची जागा. तसा रांगत होतो. प्राची हसत होती, "अहो, खालचे काका वर येतील आता!"

टीव्हीजवळ नुसता गोंगाट. खिडकीखाली ठोका गायबच. बाबांच्या खुर्चीमागच्या कोपऱ्यात मात्र एकदम स्वच्छ. खूश होऊन मान वर केली, तर बाबांचा हात दिसला. प्रत्येक ठोक्याला मांडीवरून झटकन मागे जात होता. चेहरा शांत, टीव्हीकडे. हात मात्र...

चाकणला त्यांची सगळी नोकरी पॉवर प्रेसवर गेली. पत्रा आत सारायचा आणि वरून ठोका पडायच्या आत हात बाहेर. बाबा रिटायर झाले, हे त्या हाताला कुणी सांगितलंच नाही का?

गाणं बंद केलं. "बाबा, त्रास होतोय का?"

"न्हाई रे. लई झ्याक आवाज हाय. हितंच ठिव."

मी परत लावलं. का लावलं? खात्री करायला?

या वेळी हात हलला नाही. बरं वाटलं. मग नीट पाहिलं. तो त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता.