पिशवी, वहाणा आणि माझी नक्कल

मी, वैजनाथ सटवाजी मुगटकर, वय चौऱ्याहत्तर, भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त अनुरेखक, राहणार तरोडा, नांदेड, हे मृत्युपत्र माझ्या टेबलाशी बसून माझ्या हाताने लिहीत आहे. कुणी सांगितले म्हणून नाही आणि कुणाच्या धाकाने तर नाहीच. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉ. विशाखा कंधारकर यांनी आज सकाळी माझ्याकडून शंभरातून सात-सात वजा करून घेतले. एक्कावन्नला त्यांनीच 'पुरे' म्हटले. हृदयाची झडप मात्र ठिकाणावर नाही, म्हणून ही घाई. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. तरोड्याचे राहते घर माझ्या पश्चात पत्नी सौ. प्रेमला हिचे, तिच्या हयातीपर्यंत. त्यानंतर मुलगा आलोक आणि मुलगी मनस्विनी यांचे, निम्मे-निम्मे. बँकेतील ठेवी प्रेमलाच्या औषधपाण्यासाठी. मुगटची जमीन आलोकची. मनस्विनीने ती नको असल्याचे तीनदा सांगितले आहे आणि चौथ्यांदा विचारून तिचा राग ओढवून घेण्याची माझी इच्छा नाही. शिलाई मशीन सरजाबाईंचे. त्या गेली सहा वर्षे दिवसभर प्रेमलाजवळ असतात आणि मशीनचा पट्टा त्यांनाच जमतो.

कलम २. या मृत्युपत्राचे खरे कारण येथे लिहितो. प्रेमला शाळेत गणित शिकवायची. आता तिला बरेचसे आठवत नाही. रोज संध्याकाळी ती मला विचारते, "भाऊ, आमचे हे आले का?"

भाऊ म्हणजे मी. हे म्हणजेही मीच. लग्नानंतरची पाच वर्षे माझी नेमणूक बिलोलीला होती आणि मी दर शनिवारी सहाच्या गाडीने नांदेडला यायचो. तिच्या मनात आता रोजच शनिवार असतो. मी सांगतो, "गाडी देगलूर नाक्यावर आलीय, बाई." मग वहाणा घालतो, खाकी पिशवी घेतो, मागच्या दाराने बाहेर पडतो, घराला वळसा घालतो आणि पुढच्या दारातून आत येतो. "प्रेमला, आलो गं." ती लगेच ओळखते. ताट वाढते. मी पहिला घास घेतला की ती जेवते, त्याआधी नाही.

सरजाबाई म्हणतात, "सायेब, रोज रोज बायकूला फसवून राहिले." मी म्हणतो, "फसवतो कुठे? येतोच की."

मी गेल्यावर सहा वाजता दारातून कोण येणार, एवढाच माझ्यापुढचा प्रश्न आहे. बाकीची कलमे त्यासाठी आहेत.

कलम ३. टेबलाच्या खणातील दोनशे पानी वही मनस्विनीची. ती हैदराबादला संगणकावर मेंदूचे काम करते. तिचे म्हणणे असे की माणसाचा मेंदू पेशी-पेशीने, जोडणी-जोडणीने उतरवून घेतला आणि यंत्रात चालवला, तर माणूस चालू राहील. परदेशात मेंदू तोवर जपून ठेवणारे लोक आहेत. "बाबा, तुम्ही फक्त हो म्हणा," ती म्हणाली, "मग आईला कधी एकटं वाटणार नाही." मी म्हणालो, "वाचल्याशिवाय सही करत नाही." तिने वाचायला पाठवले. दोन वर्षे वाचत होतो.

पुढे कुणाला या विषयात शिरायचे असेल तर वहीत वाट आखून दिली आहे. नवख्या शिवारात आधी हद्दीचा दगड शोधतात. इथला दगड म्हणजे एक किडा. लांबी मिलिमीटरभर, चेतापेशी तीनशे दोन. त्याच्या जोडण्यांचा नकाशा तयार होऊन चाळीस वर्षे होत आली, तरी तो यंत्रात अजून पुरता वळवळलेला नाही. हे आधी वाचावे. मग फळमाशीचा नकाशा. माणसाच्या शहाऐंशी अब्ज पेशींकडे त्यानंतर वळावे. मी माणसापासूनच सुरुवात केली आणि तीन महिने भटकलो. ज्या लेखात 'लवकरच' हा शब्द तीनदा आला तो बाजूला ठेवावा. सिद्धांताच्या लेखात 'काय माहीत नाही' असा भाग शेवटी असतो, तो सर्वांत आधी वाचावा. शरीराचे प्रकरणही बहुतेकजण शेवटी टाकतात. ते मध्येच ओढून घ्यावे. का, ते कलम ५ मध्ये कळेल.

कलम ४. पितळी गुणिया, म्हणजे नकाशावर अंतर मोजायची माझी पट्टी, माझे सहकारी बसवंत बिरादार यांना. आमच्यात एक जुना हिशेब आहे. आमच्या कचेरीत नकाशाची नक्कल एकाने काढायची आणि दुसऱ्याने ती मुळाशी ताडून पाहायची असा नियम असे. त्या ताडून पाहण्याला रुजुवात म्हणतात. हदगाव तालुक्यातील एका गावाची नक्कल मी काढली, त्यात एक बांध सरकला. बसवंतरावांनी चहा पीत 'रुजुवात घेतली' म्हणून सही ठोकली. त्या कागदावर एका भावाचे चिंचेचे झाड दुसऱ्याच्या वावरात गेले आणि दोघे अकरा वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत. दुरुस्तीचा कागद मी स्वतः घेऊन गेलो. धाकटा म्हणाला, "सायेब, कागदावर तुमी झाड हालवलं, पर त्याची सावली न्हाई हालली."

बसवंतराव आजही म्हणतात, "चूक तुझी, बोलणी मला." दोन्ही खरे आहे.

कलम ५. गेल्या दिवाळीत मनस्विनीने माझ्या बोलण्याच्या कित्येक तासांच्या ध्वनिफिती आणि माझ्या जुन्या पत्रांवरून माझी एक बोलती नक्कल तयार केली. ती सांगते, हा मेंदू नव्हे, नुसता बोलण्याचा पोत आहे. तरी आवाज माझाच होता, खाकरणेसुद्धा. मी परवानगी दिली. सहा वाजता प्रेमलाने विचारले, "आले का?" नक्कल जिच्यातून बोलायची ती फडताळावरची डबी म्हणाली, "आलो गं, प्रेमला. दमलीस का?"

ती इतकी खुलली की मला असूया वाटली. वीस मिनिटे बोलत होती. मी शेजारी बसून होतो. डबीला ती म्हणाली, "इथं एक म्हातारे भाऊ राहतात. फार भले आहेत, मला जपतात. पण तुम्ही लवकर या बरं."

हे वाक्य मी दोन वर्षांत वाचलेल्या सगळ्यापेक्षा वर ठेवतो.

मग तिने दोन ताटे वाढली. डबी म्हणाली, "तू जेव." ती म्हणाली, "तुम्ही आधी." डबी म्हणाली, "मी जेवतोय." ज्वारीची भाकरी तशीच होती. प्रेमला ताटाकडे पाहत राहिली आणि उपाशी बसली. साडेआठ वाजता मी वहाणा घातल्या, वळसा घालून आलो, घास घेतला. तेव्हा ती जेवली.

मनस्विनी रडली. "चुकलं माझं, बाबा." बेटा, चुकले नाही. नक्कल चांगली होती. फक्त तिला भूक नव्हती.

कलम ६. म्हणून माझा निर्णय असा. माझा मेंदू परदेशी पाठवू नये. देह नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. तिथल्या विद्यार्थ्यांनी त्याचे हवे तेवढे काप करून शिकावे. नकलेसाठी मेंदूचे पातळ काप करावे लागतात; ते केले की मूळ उरत नाही, आणि मूळ नसेल तर रुजुवात घ्यायची कशाशी? पुस्तके विचारतात, तो मीच असेन का. मला ठाऊक नाही. पन्नास वर्षे माझ्याजवळ राहून हे ताडून पाहू शकेल अशी एकच व्यक्ती होती आणि ती विसरत चालली आहे.

बोलती नक्कल मात्र पुसू नये. ती मनस्विनीची. तिला माझी आठवण येईल तेव्हा तिने जरूर बोलावे. खाकरणे तेवढे कमी करावे. अटी दोन. नकलेने आधी 'मी नक्कल आहे' असे सांगावे. आणि प्रेमलासमोर नकलेने कधीही बोलू नये.

कलम ७. खाकी पिशवी आणि वहाणा आलोकला. तू चिडशील हे मी जाणतो. तू म्हणाला होतास, "मी तिचा मुलगा आहे बाबा. हे नाटक मला जमायचं नाही." बरोबर आहे. माझे सोंग घेऊ नकोस. पण दसऱ्याला तू लातूरहून आलास, हातात बॅग होती आणि दारातच ती म्हणाली, "आलात? हातपाय धुवा." तू खाली मान घालून मोरीकडे गेलास, जेवायला बसलास आणि ती जेवली. तू तिला काहीही खोटे सांगितले नव्हतेस.

तेवढेच रोज करायचे. आईला लातूरला तुझ्या घरी ने. सरजाबाई यायला तयार आहेत. दार कोणतेही चालेल. कॉलेजातले शिकवायचे तास संपले की पिशवी घेऊन ये आणि 'आलो' म्हण. एवढाच शब्द, आणि तो खराच असेल. तू कोण हे तिचे ती ठरवील. तिने विचारले तर 'आलोक' सांग. मग बस आणि पहिला घास तू घे. वहाणा तुला एक बोट मोठ्या होतील; घातल्याच पाहिजेत असे नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी दोघा मुलांनी मिळून करावी. पावणेसहा झाले आहेत. साक्षीदारांच्या सह्या झाल्या की मला मागच्या दाराने बाहेर पडायचे आहे.

ठिकाण : तरोडा, नांदेड
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

(सही) वैजनाथ सटवाजी मुगटकर

साक्षीदार, दोघांनी एकमेकांसमोर व लिहून देणाऱ्यासमोर सही केली :

१. (सही) डॉ. विशाखा कंधारकर, नांदेड. लिहून देणार पूर्ण शुद्धीत आहेत.

२. (सही) बसवंत शंकरअप्पा बिरादार, देगलूर. या खेपेला चहा बाजूला ठेवून, पहिल्या ओळीपासून वाचून सही केली आहे. गुणिया नको म्हणून सांगितले; साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, हे वैजनाथ विसरला. ती पट्टी आलोकला द्यावी. सही होताच वैजनाथ मागच्या दाराने गेला; हा शेरा लिहून मान वर केली तेव्हा तो पुढच्या दारातून आत येत होता. वहिनी ताट घेऊन उभ्या होत्या. मूळ पाहिले.