डावा मडगार्ड

४ जानेवारी

घेतली! म्हैस घेतली!

बाबा म्हणाले, "गॅरेजातलं काय हवं ते उचल आणि तुझं तू बघ." त्यांना वाटलं मी वेल्डिंगचा सेट मागीन, फार तर मोठा कॉम्प्रेसर. मी मागच्या कुंपणाकडे बोट केलं. "ती." धाकटा भाऊ असा हसला की ठसकाच लागला त्याला. बत्तीस वर्षं एका जागी उभी असलेली दोन दारांची गाडी — लांबलचक नाक, अगडबंब इंजिन, खाली गवत, आत उंदरांचा संसार. गॅरेजात सगळे तिला म्हैसच म्हणतात. धाकट्यानं दहा वेळा तरी तिला भंगारात काढायचं ठरवलं असेल. दर वेळी बाबा नाही म्हणाले. का, ते कधी सांगितलं नाही.

बाबा हसले नाहीत. म्हणाले, "घे."

५ जानेवारी

कारण लिहून ठेवते. उद्या हात दुखायला लागले की आठवायला हवं.

मागच्या वर्षीचं प्रदर्शन, जुन्या गाड्यांच्या क्लबचं. प्रत्येक गाडीपुढे एक पाटी असते — मालक, इंजिन, पत्राकाम. ती निळी गाडी मी केली. सहा महिने! एकूण एक पत्रा माझ्या हातचा. आणि पाटीवर नाव धाकट्याचं! बाबांना विचारलं तर म्हणाले, "घरातलंच नाव आहे ना?"

तेव्हा गप्प बसले. चुकलं. आता नाही. २९ मार्चला प्रदर्शन आहे. म्हैस तिथे उभी राहणार आणि पत्राकामापुढे माझं नाव असणार. मग कोणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

९ जानेवारी

शेड मिळाली. छत गळत नाही, दिवा लागतो, झालं तर मग. पेंटरकाका मदतीला येतो म्हणालेत. आयुष्यभर बाबांच्या गाड्या रंगवल्या, आता घरी बसून भिंतींचे पोपडे मोजतात. "रंग मी देईन. पत्र्याला हात लावणार नाही," म्हणाले. मी म्हटलं, लावूनच देणार नाही!

आई डबा घेऊन आली. उंबऱ्याबाहेर उभी. आत ये म्हटलं तर म्हणे, "मला तो वास सोसत नाही." गॅरेजवाल्याची बायको, आणि पत्र्याचा वास सोसत नाही! मग माझे हात बघितले. "ही काय दशा करून घेतलीस?" मी म्हटलं, निदान दशा तरी माझी आहे. थोडक्यात चापट चुकली. आईची चापट डाव्या हाताची असते — माझा उजवा गाल तिला चांगला ओळखून आहे.

१७ जानेवारी

गाढव आहे मी. शेपूट नसलेलं, पण गाढव.

दाराखालचा पत्रा पार सडला होता, तो कापला. कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी अँगल मारून घ्यायचा असतो, म्हणजे गाडीचा सांगाडा बसत नाही. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात! विसरले. कापल्या कापल्या म्हैस मधोमध दबली. आता दार लागत नाही. करंगळीएवढा फरक.

धाकट्याला नेमका आजच मुहूर्त सापडला. दार ढकलून बघितलं, अडकलं. "अगं, लागतच नसेल तर काढूनच टाक. वारा येईल." त्याला वारा दाखवते मी.

२० जानेवारी

जॅक लावून, कणाकणानं उचलून, अँगल मारून — लागलं दार! तीन दिवस गेले. आज ते वीस-पंचवीस वेळा उगाचच उघडलं आणि लावलं.

२८ जानेवारी

रंग उतरवायला घेतला. काळा, त्याखाली लाल, त्याखाली कुठलासा शेवाळी. खरा पत्रा कुठे आहे ते कळावं म्हणून सगळीकडे लोहचुंबक फिरवत चालले होते. डाव्या पुढच्या मडगार्डवर लावलं — चिकटेना. जरा खाली लावलं. टपकन पडलं.

पुट्टी! चांगली जाडजूड पुट्टी! तरीच तो मडगार्ड कायम सुजल्यासारखा दिसायचा.

आणि ही कोणाच्या गॅरेजात? "आम्ही पुट्टी भरत नाही" असं ज्यांच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलंय, त्या आमच्या तीर्थरूपांच्या! मला पोरवयापासून ऐकवलं — खड्डा हातोडीनं काढायचा, पुट्टीनं झाकायचा नाही. खोटं कशाला बोलू, आनंद झाला. दुष्ट आनंद. उद्या सोलते आणि खालचा खड्डा सगळ्यांना दाखवते.

३० जानेवारी

खड्डा नाही.

मार खाल्लेला मडगार्ड आहे हे आतून कळतं. आतल्या बाजूला हातोडीचे बारीक ठोके, एकाला लागून एक, एकही वाया गेलेला नाही. पण बाहेरून? मी डोळे मिटून तळवा फिरवला. कुठेही अडला नाही. बाबांना असं जमत नाही. मला तर नाहीच नाही. मग याच्यावर पुट्टी कशाला? धडधाकट माणसाला प्लास्टर घालतं का कोणी?

आणखी एक. कानशीच्या रेघा उलट्या आहेत. बाबांच्या, माझ्या, धाकट्याच्या रेघा एकीकडे झुकतात, या दुसरीकडे. म्हणजे माणूस डावरा. पण आमच्या गॅरेजात डावरा कोणी नव्हताच!

पेंटरकाकांना विचारलं. "जुनं कशाला उकरतेस?" म्हणाले. आणि, "मी आलो तेव्हा तो झाकलेलाच होता." खोटं! काका खोटं बोलताना कानाची पाळी ओढतात.

६ फेब्रुवारी

मागचे मडगार्ड दोन दोन बोटं रुंद केले. जाड टायर बसणार! बॉनेटवर फुगवटा चढवला. दारांच्या मुठी काढून भोकं बुजवली — पत्र्यानं, पुट्टीनं नाही. क्लबातले एक गृहस्थ सहज म्हणून बघायला आले आणि छातीवर हात ठेवून उभे राहिले. "अहो, मूळ रूप ठेवायचं असतं!" मी म्हटलं, मूळ रूपात ती बत्तीस वर्षं कुंपणाला टेकून होती.

१९ फेब्रुवारी

उजवा मडगार्ड गंजून चाळण झालाय. नवाच घडवायला हवा, डाव्यासारखा. डावा समोर ठेवलाय. दिव्याच्या वरची ती गोलाई! वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून बडवतेय. गोलाई आली आली म्हणेपर्यंत कडेला फाटतो. दोन पत्रे गेले.

२१ फेब्रुवारी

तिसरा गेला.

२ मार्च

पाचवा. हा फाटला नाही, पण डाव्याशेजारी धरला की हसू येतं. डावा मडगार्ड, आणि उजवीकडे बटाटा.

धाकटा आला होता. आज चेष्टा नाही केली, ते जास्त लागलं. "ताई, थोडी पुट्टी भर. कोणाला कळतंय?" घरी गेले तर बाबांचंही तेच. "भर आणि मोकळी हो." मी म्हटलं, भिंतीवरचं आधी पुसा, मग सांगा. पुट्टी नाही म्हणजे नाही! प्रदर्शनाला अर्धी गाडी नेईन, पण पुट्टी नाही.

नंतर न्हाणीघरात नळ सोडून रडले. रडले तर रडले.

७ मार्च

नीट लिहायला हवं.

सहावा पत्रा. दुपारी आई डबा घेऊन आली, नेहमीसारखी बाहेर उभी. ठेव तिथे, म्हटलं. ती हलेना. मी ठोकत राहिले. मग तिचा आवाज — "मधे कशाला बडवतेस? कडा गोळा कर."

मी थांबले. "काय?"

"कडेला चुण्या पाड. तापव, आणि एकेक चुणी जागच्या जागी बसव. मधली गोलाई आपोआप वर येते. तू मधेच ठोकतेस. तो ताणतो, पातळ होतो. फाटणार नाही तर काय करेल बिचारा?"

आणि उंबरा ओलांडून आत आली! बाह्या वर केल्या. माझ्या हातातली हातोडी काढून घेतली — डाव्या हातात. उजव्या हातानं डॉली, तो आधाराचा लोखंडी ठोकळा, पत्र्याखाली धरला. आधी दोनचार ठोके चाचपडत. मग ठण, ठण, ठण, एका लयीत. मी हातोडी बघितली. हात बघितला. मग डावा मडगार्ड बघितला, त्या उलट्या रेघा बघितल्या.

थोडं थोडं सांगितलं तिनं, ठोकता ठोकता. तिचे वडील तांब्याची भांडी घडवायचे, त्यांच्याकडे शिकली. गॅरेज नवं होतं तेव्हा बाबा इंजिन बघायचे आणि आई पत्रा. बाबांना पत्रा तिनंच शिकवला! गिऱ्हाइकांना मात्र कळू द्यायचं नाही. म्हशीचा मालक एक दिवस न सांगता आला. हिच्या हातात हातोडी, पोटात मी. "बाईनं ठोकलेली गाडी मी चालवू? उखडा आणि परत करा," म्हणाला. सगळ्यांसमोर.

"मग?"

"मग पुट्टी लागली त्याच्यावर. तो काही परत आलाच नाही. गाडी राहिली."

"आणि तू?"

"मी काय! तुला सांभाळलं."

एवढं बोलून मला सातवा पत्रा आणायला पाठवलं. सहावा मी बिघडवला होता म्हणे.

१० मार्च

उजवा मडगार्ड झाला. अर्धा तिचा, अर्धा माझा. कुठला अर्धा कोणाचा हे आता मलाही सांगता येत नाही.

आणि जेवताना बाबांना विचारलंच. आई नको नको म्हणून खुणावत होती. "आईच्या कामावर पुट्टी फासलीत ना? तेव्हा आईचं झाकलं, आता माझं. घरातलंच नाव आहे, नाही का!" बाबांनी तोंड उघडलं. आईकडे बघितलं. आई ताटाकडे बघत होती. तोंड मिटलं आणि उठून गेले.

बरं झालं बोलले! बत्तीस वर्षं कोणीतरी बोलायला हवं होतं.

१६ मार्च

म्हैस काळीच होणार, चकचकीत काळी. पण डावा मडगार्ड मी रंगवणार नाही. कोरा पत्रा, वर फक्त पारदर्शक लॅकर. त्या उलट्या रेघा सगळ्यांना दिसू देत.

पेंटरकाका म्हणाले, "अर्धवट गाडी म्हणतील. उभीही करू देणार नाहीत, मग पाटी कुठली?" नाही तर नाही!

आई मात्र भडकली. "माझी धिंड काढायचीय का चारचौघांत?"

"तुझं काम दाखवायचंय."

"मला विचारलंस?"

नव्हतं विचारलं. सरळ ठरवून टाकलं. बाबांसारखं.

२१ मार्च

पाच दिवस डबा नाही. आज मीच घरी लवकर गेले. म्हटलं, तू नाही म्हण, उद्या सकाळी रंगवते. शप्पथ.

"मी काही म्हटलेलं नाही," म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

म्हणजे हो! की नाही? हो धरते.

२७ मार्च

गाडी आत घेतली क्लबवाल्यांनी! कुरकुर केली, पण घेतली. पाटी आली. पत्राकाम — आणि पुढे माझं नाव, पूर्ण, छापलेलं. चार वेळा वाचलं. आईला म्हटलं, तुझंही घालू या. "मी तिकडे येणारच नाही," म्हणे. बरं बाई.

२९ मार्च

आई आली! बाबांच्या मागे चार पावलं.

परीक्षक डाव्या मडगार्डपाशी अडकले. तळवा फिरवला, परत फिरवला. पुट्टीखाली सापडला, हे पेंटरकाकांनी सांगून टाकलं होतं. परीक्षक बाबांना म्हणाले, "हा हात तुमचाच. मग झाकलात कशाला?" बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्या दिवशी जेवताना मिटलं होतं, तसंच.

आई पुढे झाली. "त्यांचा नाही. ठोकला मी. पुट्टीही मीच भरली, हे नको नको म्हणत असताना. आता उघडा राहू दे."

मी बाबांकडे बघितलं. ते म्हशीकडे बघत होते.

मग आईनं माझ्या खिशातलं पेन काढलं आणि डाव्या हातानं पाटीवर स्वतःचं नाव लिहिलं. माझ्या नावाच्या वर. खाली भरपूर जागा होती!