कॉलरवाली बाही शिकते

बुधवार, १२ फेब्रुवारी

चि. ठकूस,

आईचे खूप खूप आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण मी त्याला फार भाव देत नाही. जावईबापूंचा खोकला गेला का? तू पाठवलेलं तिकीट मिळालं. खिडकीजवळची जागा आहे, छान आहे.

इथली खबर म्हणजे आपली शर्टांची फॅक्टरी पुन्हा सुरू झाली. ती बंद पडून सगळं काम परदेशात गेलं, तेव्हा तू कॉलेजात होतीस. आता म्हणे काम परत आणलंय. फीत कापली, भाषणं झाली, मशिनं कोरी करकरीत. फक्त शिवणारं कुणी नाही. जाहिराती दिल्या, न्यायला-आणायला बस ठेवली, तरी तरुण मुली येतात, आठवडाभर बसतात आणि पाठ धरली म्हणून निघून जातात. त्यांचं तरी काय चुकलं? आम्हीच आमच्या लेकींना बजावलं होतं, काहीही शिका, पण शिवणाला हात लावू नका. तुलाही तेच सांगितलं होतं.

मग मॅनेजर जुन्या बायकांना शोधत दारोदार फिरला. तुझ्याच वयाचा आहे, बोलायला गोड. मला म्हणाला, "मावशी, शर्ट शिवता येतो ना?"

"नाही रे बाबा," मी म्हटलं, "मला कॉलर येते."

त्याला वाटलं, थट्टा करतेय. पण आमचं होतंच तसं. उभा जन्म मी कॉलरी केल्या, कफवालीने कफ, खिसेवालीने खिसे. अख्खा शर्ट आमच्यातल्या एकीलाही येत नाही. बाकीच्या जमल्या, पण बाहीवाली कधीच देवाघरी गेलेली. तरी हौसेने एक शर्ट केला. मॅनेजरने घालून पाहिला तर उजवी बाही डावीकडे, डावी उजवीकडे. बिचाऱ्याला हात धड पुढे घेता येईनात. आम्ही हसून हसून बेजार. तोही हसला, पण त्याचा चेहरा उतरला होता. पहिली ऑर्डर वेळेवर गेली नाही, तर काम पुन्हा बाहेर जाणार आहे.

मी म्हटलं, बाही मी शिकते. चौकातला शिंपी दाखवायला आला, पण तो आधी बाही नळीसारखी शिवून बंद करतो आणि मग खांद्याला बसवतो. फॅक्टरीत बाही उघडीच खांद्याला चढवतात आणि मग काखेपासून खाली एकच शिवण मारतात, तेव्हा कुठे दिवसाचं काम उरकतं. ती तऱ्हा पाहायला आमच्याच फॅक्टरीचा जुना शर्ट हवा होता.

ठके, रागावू नकोस. बाबांचा तो आकाशी शर्ट, जो तू येताना आणायला सांगितलास, तो मी उसवला. त्यांच्यामागे तेवढा एकच ठेवला होता. स्वयंपाकघरात बसून एकेक टाका काढला आणि पोटभर रडले. बाहीवालीने खांद्यापाशी कापड कुठे किती सैल घेतलंय, ते उसवल्यावरच कळलं. मग पुन्हा शिवला. दोनदा बिघडला, मग जमला. आता तो घालता येईल असा आहे, पण पूर्वीचा राहिला नाही.

आता रोज सकाळच्या बसने जाते. दोन नव्या मुली माझं बघून बाही शिकताहेत. त्यातली एक तुझ्यासारखीच तोंडाळ. म्हणते, "मावशी, तुम्हीपण शिकाऊच ना?" मी म्हटलं, "हो, पण तुझ्याआधी आलेय."

तू माझ्यासाठी खोली रंगवलीस, पलंग घेतलास. तुझा जीव माझ्यात अडकलाय, मला का कळत नाही? मागच्या वेळी तुझ्याकडे कशालाच कमी नव्हतं. पण तुम्ही तिघं बाहेर पडलात की संध्याकाळपर्यंत मी दाराकडे बघत बसायची. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. इथे दमते, पण दिवस कसा जातो ते कळत नाही. या वयात काहीतरी नवं जमलं, याचा मला फार आनंद झालाय ग.

तिकीट रद्द कर. पिल्लूला मीच फोनवर समजावेन. सुट्टीत तुम्ही सगळे या. दिवसा आलात तर किल्ली शेजारच्या काकूंकडे असेल. मी संध्याकाळी येईन, माझी वाट बघा.

तुझी,
कामाला लागलेली आई