फोटोत न आलेलं दुखणं

माय, आज मी माझ्याच मशीनसमोर हात धरले. तू गेलीस तेव्हा मी शाळेत होते. आता संभाजीनगरात एका तपासणी केंद्रात लोकांच्या सांध्यांची चित्रं काढते. शिरेत थोडं किरणोत्सारी औषध टोचायचं आणि दोन-तीन तास माणसाला बसवून ठेवायचं. जिथं सांधा आतून पेटलेला असतो तिथं ते औषध जाऊन बसतं, पडद्यावर काळं दिसतं. बोट वाकडं व्हायच्या, कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, झिजायच्या कितीतरी आधी दिसतं. हे आधी दिसणंच मला अजून पचत नाही.

गावी पिशोरला सकाळी तुझ्या मुठी उघडायच्या नाहीत. मी कोमट पाण्यात तुझे हात धरून एकेक बोट सरळ करतेय आणि आत्या दारातून ओरडतेय, "राणीसाहेब उठल्या का? कापूस काय आपल्या पायानं घरी येणार हाय?" बोंडं टोचून सगळ्यांचीच बोटं फुटायची, म्हणून तुझं दुखणं कुणाला वेगळं वाटलंच नाही. शेवटी बाबांनी एसटीनं शहरात नेऊन तुझ्या हातांचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, हाडं ठणठणीत आहेत. झालं! तो भला मोठा लिफाफा तू वाटभर मांडीवर जपून आणलास, आणि घरात पाऊल टाकताच आत्यानं फोटो उजेडात धरला. तिला त्यातलं काय डोंबल कळत होतं? "बघा, धडधाकट हात हायेत. नुसते नखरे." तू पदरानं तोंड पुसलंस. "फोटूत येईना त्याला मी काय करू? लई आग हाय इथं." कुणी ऐकलं नाही. मग बाजारातल्या एका माणसाच्या पुड्या सुरू झाल्या. दुखणं थांबलं, तोंड गोल झालं, आणि बायका म्हणायला लागल्या, "आता कशी अंग धराया लागली!" ती पुड्यांतल्या स्टेरॉइडची सूज होती, माय. पुड्यांनी तुझं पोट आतून खाल्लं. तुला रक्ताची उलटी झाली त्या सकाळीसुद्धा आत्या तुला वेचणीला हाका मारत होती.

हल्ली माझीही मूठ सकाळी उघडत नाही. म्हणून आज हाताखालच्या पोरीला म्हटलं, घे माझ्याच हातांचं चित्र. चुलीवर शेकायला धरावेत तसे हात मी कॅमेऱ्यासमोर पालथे धरले. "मॅडम, हलू नका ना," ती हसून म्हणाली. मग चित्र उमटलं आणि तिनं पडदा माझ्याकडे वळवला. बोटांची पेरं, दोन्ही मनगटं, ज्वारीच्या कणसावर काणीची बुरशी पडावी तशी काळी. डॉक्टर म्हणाले, बहुतेक गादी शाबूत असेल, वेळेत सापडलं, पण औषधं जन्मभर घ्यावी लागतील.

मी धड ऐकत नव्हते. तुझ्या हातांचं असं चित्र कधी निघालंच नाही. वाटलं, असंच उठावं, पिशोरची एसटी धरावी आणि हे आत्याच्या नाकासमोर नाचवावं. आत्याला जाऊन वर्षं झाली. बाबाही नाहीत. आता कुणाला दाखवू? आणि हा लिहिलेला कागद तरी कुठल्या पत्त्यावर टाकू? राहू दे इथंच, ड्रॉवरमध्ये, चित्राखाली. एक मात्र सांगते, दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. भीती वाटली, पण ती नंतर. पडद्यावर माझ्या हातांत तुझी आग काळी उमटली तेव्हा आधी, माय, मला बरं वाटलं.